जिवंतपणीच उरकलेली अंत्ययात्रा

रेचेल चीझलीच्या माहेरी एका न्यायाधीशाचा खून आधीच घडून गेला होता. तिचा बाप जॉन चीझली बायकोमुलांना पोटगी द्यायला तयार नव्हता. निकाल विरुद्ध गेला म्हणून त्याने १६८९ मध्ये स्कॉटलंडचे मुख्य न्यायाधीश सर जॉर्ज लॉकहार्ट यांना चर्चमधून घरी परतताना गोळी घातली. फासावर चढवण्याआधी त्याचा उजवा हात तोडण्यात आला.

अशा बापाच्या मुलीने लग्न केले तेही न्यायाधीशाशीच. जेम्स अर्स्किन, लॉर्ड ग्रेंज, हा मारच्या अर्लचा धाकटा भाऊ. १७०७ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, तो सर्वोच्च दिवाणी न्यायालयावर बसला. थोरल्या भावाने १७१५ मध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी बंड पुकारले आणि हरल्यावर देशाबाहेर पळ काढला. ग्रेंज मात्र राजनिष्ठ म्हणवून घेत खुर्चीवर टिकून राहिला.

नऊ मुले झाली, पण संसार विस्कटला. न्यायमूर्ती देवधर्मात पुढे, आणि लंडनमध्ये फॅनी लिंडसे नावाच्या बाईशी त्यांचे संबंध. १७३० च्या सुमारास पतिपत्नी वेगळे झाले. रेचेलही काही गरीब गाय नव्हती. ती नवऱ्याच्या घराखाली उभी राहून शिव्यांची लाखोली वाहायची. त्याने राजद्रोह केल्याचे पुरावे आपल्याकडे आहेत, अशी धमकीही तिने दिली. शिव्या एकवेळ पचल्या असत्या. ही धमकी पचण्यातली नव्हती.

२२ जानेवारी १७३२ च्या रात्री हायलँडची माणसे तिच्या एडिंबरातल्या बिऱ्हाडात घुसली. तोंडात बोळा कोंबून, डोळे बांधून तिला पालखीसारख्या खुर्चीत घालून शहराबाहेर नेले. या कटात लॉर्ड लोव्हॅट आणि डनव्हेगनचा मॅक्लाउड या हायलँडच्या सरदारांची नावे घेतली जातात. ग्रेंजने मागाहून बायको वारल्याचे जाहीर करून अंत्ययात्राही काढली, असे म्हणतात. पोटच्या पोरांनीही जाहीरपणे ब्र काढला नाही. या साऱ्या प्रकरणात हेच अधिक सुन्न करणारे.

आधी तिला हायस्कर बेटावर ठेवले. १७३४ मध्ये रवानगी झाली ती भर अटलांटिकातल्या सेंट किल्डावर. तिथले लोक गेलिक बोलत आणि तिला त्यातले अक्षरही कळत नव्हते. इकडे त्याच साली नवरोबा न्यायासन सोडून संसदेत पोहोचले. चेटूकविरोधी कायदा १७३६ मध्ये रद्द होऊ लागला, तेव्हा त्याला विरोध करायला उभे राहिले ते हेच गृहस्थ.

तिने लिहिलेले पत्र १७४० च्या अखेरीस एडिंबरात पोहोचले. तिचे वकील टॉमस होप यांनी हत्यारबंद माणसे देऊन जहाज पाठवले, पण तोवर तिला तिथून हलवले होते. १७४५ मध्ये ती स्काय बेटावर वारली. तिची कबर तिथेच ट्रम्पनला आहे.

ग्रेंजवर खटला कधीच भरला गेला नाही. तो १७५४ मध्ये लंडनमध्ये मेला. लोव्हॅटचा शिरच्छेद १७४७ मध्ये झाला खरा, पण तो राजद्रोहासाठी.