बिदरच्या बाजारातला परदेशी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांनी आमच्या नववीच्या वर्गाला एकदा हैदराबादहून बिदरला नेले होते. महमूद गवानच्या मदरशासमोर आम्हांला उभे करून त्यांनी विचारले, "ही इमारत उभी राहत होती तेव्हा इथल्या बाजारात काय विकले जात होते?" बहमनी सुलतानांची नावे आम्हांला क्रमाने पाठ होती, बाजाराविषयी मात्र कोणालाच काही सांगता येईना. त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ वर्षांनी मला एका रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासवृत्तात सापडले. आज त्याच्याविषयीच बोलण्याचे योजिले आहे.

अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर नगरीचा रहिवासी. तो १४६८च्या सुमारास घराबाहेर पडला असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. हिंदुस्थानला येण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. कॅस्पियन समुद्रापलीकडे माल विकून परतावे एवढाच बेत होता. परंतु अस्त्राखानजवळ तातारांनी त्यांच्या नावा लुटल्या. मायदेशी ज्यांचे काही शिल्लक होते ते परतले. जे कर्जात बुडालेले होते त्यांनी वाट फुटेल तो मार्ग धरला. निकितिन या दुसऱ्या गटातला. ना राजाचे पत्र, ना सोबत, अशा अवस्थेत तो बाकू, काशान, यझ्द, लार अशी शहरे ओलांडीत होर्मुझ बंदराला पोहोचला. तेथे त्याला कळले की, दक्षिणेत घोड्यांची पैदास होत नाही आणि बाहेरच्या घोड्याला मोठी किंमत येते. त्याने एक घोडा घेतला आणि तो गलबतात चढवून चौलचा किनारा गाठला. वास्को द गामा कालिकतला उतरण्यास तेव्हा अजून पाव शतकाहून अधिक काळ अवकाश होता.

चौलला लोकांची उघडी अंगे पाहून तो चकित झाला. आणि तो जाईल तिकडे लोक त्या गोऱ्या माणसाच्या मागे लागले. पाहणाराच पाहिला जातो, हा अनुभव त्याने प्रांजळपणे नोंदविला आहे. तेथून पाली, उमरी अशा वाटेने तो जुन्नरला आला आणि पावसात अडकला. आपल्या सह्याद्रीतला पाऊस आणि चिखल यांचे त्याने केलेले वर्णन वाचताना त्याच्याविषयी आपुलकी वाटते. एका वेळी एकच माणूस चढू शकेल अशी गडाची अरुंद वाटही त्याने टिपली आहे.

जुन्नरलाच त्याच्यावर खरा प्रसंग ओढवला. हा मुसलमान नाही असे कळताच तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिसकावला. धर्म बदल, घोडाही देतो आणि वर सहस्र मोहरा देतो, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. त्या घोड्यात निकितिनची सारी पुंजी गुंतलेली होती. शेवटी महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली आणि घोडाही वाचला, धर्मही वाचला. परक्याला छळणारा आणि परक्याला सोडविणारा हे दोघेही एकाच धर्माचे होते, ही गोष्ट आपण नीट ध्यानात ठेवावी.

पुढे बिदरला त्याने तो घोडा नाताळच्या सुमारास विकला. आळंदच्या वार्षिक बाजारात वीस हजार घोडे येतात, घोड्यांना हरभरे आणि साखर-तूप घातलेली खिचडी चारतात, असे बारकावे त्याच्याखेरीज कोण सांगणार? मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे फार. तेव्हा आपल्या देशासाठी येथे घेण्याजोगे काही नाही, असा त्याचा खेदाचा हिशेबही आहे. आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने बिदरच्या हिंदूंना सांगितल्यावर त्यांनी त्याच्यापासून आपले घरगुती व्यवहार लपविणे सोडले. त्यांच्याबरोबर तो शिवरात्रीला श्रीपर्वताच्या यात्रेस गेला आणि यांचे हे जेरुसलेमच होय, असे त्याने लिहून ठेवले.

त्याच्या लेखनात चुका आहेत. ऐकीव गोष्टी आहेत, आकडे फुगलेले आहेत. तरीही येथील सरदार वैभवात लोळतात आणि खेड्यातली माणसे उघडीवाघडी आहेत, हे त्याने सरळ लिहिले. फेरिश्त्याने आपला इतिहास शतकाहून अधिक काळानंतर, दरबाराच्या आश्रयाने लिहिला. त्यात लढाया आणि वजिरांची कारस्थाने आहेत, हे वाक्य नाही. ज्याला कोणाची बिदागी मिळवायची नव्हती, त्यालाच ते दिसले, असे मला वाटते.

या स्वातंत्र्याची किंमतही त्याने मोजली. धर्मग्रंथ लुटीत गेल्यामुळे सणवार कोणते, उपवास केव्हा, हेच त्याला कळेनासे झाले. त्याच्या प्रार्थनांत तुर्की, फारसी आणि अरबी शब्द मिसळू लागले. अखेर दाभोळला गलबतात बसून, वादळाने आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागून, होर्मुझ, तब्रिझ, त्रेबिझोंद, काफा असा तो परत निघाला. परंतु स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच त्याला मृत्यूने गाठले. त्याचे लिखाण व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेले, ते १४७५ साली तेथील दप्तरी दाखल झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन याने ते पुन्हा उजेडात आणले. आपल्यातील ज्येष्ठांना १९५७चा 'परदेशी' हा चित्रपट आठवत असेल. त्याचा नायक हाच.

ज्या महमूद गवानच्या अमदानीत निकितिन बिदरला राहिला, तोही गिलानहून व्यापारासाठी आलेला परदेशीच होता. १४८१ साली खोट्या पत्राच्या आधारावर सुलतानाने त्याचा शिरच्छेद करविला. एक परदेशी वजीर झाला आणि मारला गेला. दुसरा रिकाम्या हाताने निघाला आणि वाटेत संपला. एकाचा मदरसा भग्नावस्थेत उभा आहे, दुसऱ्याची काही पाने उरली आहेत.

आपले पूर्वजही केव्हातरी गाठोडे घेऊन या शहरात आले. बाजारात त्यांची भाषा प्रथम कोणाला समजली, कोणी त्यांच्यासाठी रदबदली केली, हे कोणत्याही बखरीत नाही. घराघरांत जुन्या वह्या, पत्रे, जमाखर्च अजून असतील, तर ते रद्दीत घालू नका; शाळेकडे आणून द्या. गुरुजींच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही निरुत्तर झालो होतो. पुढच्या मुलांवर ती वेळ येऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.