मेस्ताचा वारसा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद येथे एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो असता त्या घरच्या माऊलीने विचारले, "फादर, आमच्या मुलाला व्हायोलिन शिकायचे आहे. पण त्यावर उद्या त्याचे पोट भरेल का?" प्रश्न रोकडा होता. त्याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधले आणि ते गोमंतकातील ख्रिस्तमंदिरांच्या अंगणात गवसले.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांना जोडून शाळा असत. तेथे गायनवृंदाचा प्रमुख, ज्याला लोक आदराने 'मेस्त' म्हणत, मुलांना स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवी. हेतू उपासनेपुरताच होता. मिस्सेला गाणारे व वाजविणारे हवे होते. परंतु या शिक्षणाने गरीब घरांतील मुलांच्या हाती एक हुन्नर दिला. कागदावरचे स्वर वाचता येणारा वादक बँडमध्ये, हॉटेलात, जहाजावर, कोठेही उभा राहू शके.

अशाच परंपरेत १९२७ साली माजोर्डा गावी अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील तेथील ख्रिस्तमंदिरात गायनवृंदाचे प्रमुख होते. पहिले धडे त्यांनीच दिले. तरुण वयातच अँथनी मुंबईस आले आणि १९४३ साली नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. पुढे ते 'अरेंजर' झाले. संगीतकाराने बांधलेली चाल कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग लिहून देणे, हे अरेंजरचे काम. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या अनेक गोमंतकीयांनी ते केले. मात्र वादकाला मोबदला मिळे तो ध्वनिमुद्रणाच्या पाळीनुसार. तबकडीवर त्याचे नाव क्वचितच येई.

वादनाने अँथनींचा संसार चालला. नाव मात्र राहिले ते शिकविण्यामुळे. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल शर्मा हे त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभारला, भारतीय रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. १९६५ साली ते अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीपासून दूर राहून त्यांनी माजोर्ड्यातच शांतपणे जीवन व्यतीत केले.

१९७७ साली 'अमर अकबर अँथनी' प्रदर्शित झाला. त्यातील एका गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव आग्रहाने गुंफले. सारा देश ते नाव गुणगुणू लागला. पण ते कोणा खऱ्या माणसाचे आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. १८ जानेवारी २०१२ रोजी अँथनी देवाघरी गेले. तबकडीने जे नाव दिले नाही, ते शिष्याने दिले. गुरुदक्षिणा याहून वेगळी ती काय असते?

नंतर काळ पालटला. विसाव्या शतकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली आणि चित्रपटातील व्हायोलिनवादकांचा रोजगार आटला. २००६ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन केला, तेव्हा त्यात अनेक वादक परदेशातून आणावे लागले. तंतुवाद्याला बालपणापासून शिक्षण लागते आणि तसे शिकविणारे आपल्याकडे विरळ झाले होते. म्हणून त्याच संस्थेने पुढे मुलांसाठी संगीतशाळा काढली. पणजीत २००९ सालापासून 'चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन' गरीब मुलांना तंतुवाद्ये शिकवीत आहे.

वाचकहो, त्या माऊलीला आम्ही इतकेच सांगितले की, केवळ मैफलींवर विसंबणाऱ्याची वाट बिकट आहे. परंतु जो वाजवितो, स्वरलिपी वाचतो आणि शिकवितोही, त्याला आधार मिळतो. तिचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही. ज्या धर्मग्रामांनी एकेकाळी मेस्त पोसले, त्यांचेच वारस आपण. आज गायनवृंदाला वर्षभर शिकविणाऱ्याच्या हाती आपण नाताळात एक शाल ठेवतो आणि ऋणमुक्त झालो असे समजतो. शिक्षकाला पुरेसे वेतन न देता शिष्य कोठून निपजणार?

जळगाव जामोदचा तो मुलगा व्हायोलिन धरावयास उत्सुक आहे. त्याला शिकविणार कोण, हा प्रश्न आता त्याच्या आईचा राहिलेला नाही. तो आपल्या पदरी आला आहे.