झाकण

आधी काय घडलं ते सांगतो, मग इतिहासाकडे वळतो. मास्तरकी संपली तरी क्रम सुटत नाही!

आईच्या ओव्यांची १९८३ सालची एक कॅसेट घरात होती. टेपरेकॉर्डरला वायर जोडली आणि ती लॅपटॉपमध्ये उतरवायला घेतली. पहिली दहा-बारा मिनिटं ऐकत बसलो. मग धूळ बसू नये म्हणून सवयीने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि पूजेला गेलो. परत येऊन बघतो तर मुद्रण तिथेच थांबलेलं. टेप आपली गाऊन मोकळी झाली होती. पुन्हा लावली तर फीत चाकाला गुंडाळली आणि तुटली...

नात फोनवर म्हणाली, "आजोबा, झाकण लावलं की तो झोपतो." मी म्हटलं, "असं कुणी ठरवलं?" ती हसली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून शोधत बसलो.

पडदा कळफलकावर मिटणारा पहिला प्रसिद्ध संगणक म्हणजे १९८२ सालचा ग्रिड कंपास. रचना बिल मॉग्रिज या इंग्रज संकल्पकाची. किंमत आठ हजार डॉलरच्या वर! नासाने तो अंतराळयानातूनही नेला. गंमत म्हणजे त्या पहिल्या यंत्रात बॅटरीच नव्हती, भिंतीतल्या विजेवरच चालायचा. म्हणजे झाकण हे तेव्हा निव्वळ झाकणच, आपल्या पेटीला असतं तसं. नेताना पडदा आणि कळा जपाव्यात, एवढंच त्याचं काम.

पुढे बॅटरी आली आणि वीज वाचवायची काळजी सुरू झाली. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एपीएम नावाचे नियम केले. त्यात बराचसा कारभार यंत्रातल्या मूळ प्रोग्रॅमकडे, म्हणजे बायॉसकडे होता. डिसेंबर १९९६ मध्ये याच दोघांनी तोशिबाला बरोबर घेऊन एसीपीआय आणलं. झाकण उघडं की मिटलेलं, एवढी बातमी यंत्राने द्यायची आणि काय करायचं ते विंडोजसारख्या प्रणालीने ठरवायचं! माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं.

ही बातमी देतो कोण? बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात एक लहानसं लोहचुंबक असतं आणि खालच्या भागात ते जवळ आल्याचं ओळखणारा संवेदक. त्यामागचा गुणधर्म एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ सालीच शोधला होता. विजेचे दिवे नुकते कुठे येत होते तेव्हा!

तर उपाय. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स आहे. तिथे झाकण लावल्यावर काय व्हावं ते निवडता येतं. स्लीप म्हणजे डुलकी, फक्त स्मरणाला थोडी वीज मिळत राहते. हायबरनेट म्हणजे सगळं डिस्कवर उतरवून गाढ झोप. शट डाउन म्हणजे बंद. आणि 'डू नथिंग', म्हणजे काही करू नकोस. बॅटरीवर असताना आणि विजेला जोडलेला असताना अशा दोन वेगळ्या निवडी असतात. मी विजेवर 'डू नथिंग' केलं. बॅटरीवर मात्र नातीने करू दिलं नाही. जागा लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला तर आत तापत राहतो म्हणे, आणि बॅटरीही संपते. तिचं ऐकलं.

असो. तुटलेली फीत जोडून देणारा एक ओळखीचा मिळाला आहे. येत्या रविवारी कॅसेट पुन्हा लावणार. सेटिंग बदललेलं आहेच, तरी झाकण उघडं ठेवून मी समोरच बसणार आहे. पूजा त्या दिवशी सूनबाई करतील.