सव्वा महिन्याचा हिशेब

आमच्या धामणगाव बढ्यात हिंदूंच्या घरी बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, आमच्याकडे चाळीस दिवसांचा चिल्ला. नावे दोन, हिशेब जवळपास एकच. एवढे दिवस बाळंतिणीने उंबरठा ओलांडू नये, असे दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बजावत. त्या दिवसांची मजुरी कोणी द्यायची, हे मात्र कोणी सांगत नसे. माझा धाकटा भाऊ ऐन कापूस वेचणीत जन्मला. बाराव्या दिवशी अम्मी कमरेला ओटी बांधून शेतात गेली. वेचणीची मजुरी वजनावर; काट्यावर कापूस चढला नाही, तर हातात पैसा नाही.

हा प्रश्न सरकारदरबारी गेला तो शेतातून नव्हे, गिरणीतून. १९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि तिने बाळंतपणाच्या आधी सहा व नंतर सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला. हिंदी कामगारांतर्फे तिथे ना. म. जोशी होते. त्यांनी १९२४ साली दिल्लीच्या विधिमंडळात विधेयक आणले. ते फेटाळले गेले. मग मुंबई कौन्सिलात तसे विधेयक आले. २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा. पण बायकांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला त्यातला पहिला भाग अधिक मोलाचा वाटतो. नेमका तोच बाजूला पडला.

१९२९ चा मुंबईचा कायदा झाला. सात आठवडे, रोज आठ आणे, आणि पैसे मालकाने द्यायचे. मग बाईला कामावर ठेवणेच नको, असा हिशेब काही मालकांनी केला, यात नवल नाही.

आम्ही वऱ्हाडातले, तेव्हा मुंबई इलाख्याबाहेरचे. मध्यप्रांताने १९३० साली आपला कायदा केला. पुढे १९६१ साली देशभरासाठी एक कायदा आला, बारा आठवड्यांचा; पण त्याला वर्षात १६० दिवस काम भरलेले लागे. मलकापूर-खामगावकडचे जिन कापसाच्या हंगामापुरते चालायचे. तिथल्या बाईने इतके दिवस भरायचे कुठून? १९८८ मध्ये ही अट ८० दिवसांवर आली. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली.

पण रजेसाठी आधी मालक लागतो, हजेरीपट लागतो. आज या धुऱ्यावर, उद्या त्या धुऱ्यावर वेचणाऱ्या बाईचा हजेरीपट कोणाकडे? तिच्यासाठी २०१७ पासून मातृवंदना योजना आहे, पहिल्या बाळाला पाच हजार रुपये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजारांचा शब्द दिला होता. आणि अम्मीचे तर ते तिसरे बाळंतपण होते.

भाऊ बांधावर, बाभळीला टांगलेल्या झोळीत असायचा. झोका द्यायला मी. रडला की अम्मी तासातून मान वर करून पाहायची, आणि हातातले बोंड वेचून झाल्यावरच यायची.