माकडताप : क्यासनूर ते दोडामार्ग

कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्याच्या परिसरात क्यासनूरचे जंगल आहे. १९५७ च्या मार्चमध्ये तेथे वानरे आणि माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास लाकूडफाट्यासाठी रानात जाणारे गावकरीही तापाने फणफणत होते. काहींना रक्तस्राव होत होता. माकडे आणि माणसे एकाच वेळी दगावू लागल्यावर पहिला संशय आला पीतज्वराचा. हा रोग भारतात कधीच आढळलेला नव्हता, त्यामुळे चिंता मोठी होती. तपासाची सूत्रे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे गेली. १९५२ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तेथील संशोधकांनी विषाणू वेगळा केला आणि संशय फिटला. नवा विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंचा जवळचा नातलग निघाला. जंगलाच्या नावावरून या रोगाला 'क्यासनूर फॉरेस्ट डिसीज' म्हणू लागले. मराठीत तो माकडताप झाला.

हे नाव माकडावर अन्याय करणारे आहे. माकड या रोगाचे बळी आहे. विषाणू वाहते ती गोचीड. तिची बारीक पिल्ले उंदीर-चिचुंद्र्यांसारख्या लहान प्राण्यांवर जगतात, तर पूर्ण वाढलेल्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात. मधल्या अवस्थेतली, जेमतेम दिसणारी गोचीड माणसाला चावते आणि तिचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे असतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात, म्हणून मेलेल्या माकडाच्या आसपासची जागा सर्वांत धोक्याची. माणसाकडून माणसाला हा रोग होत नाही.

जंगलात माणसाचा हात जिथे खोल गेला, तिथे रोगही उफाळला. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर १००० हून अधिक लोक आजारी पडले आणि १०० हून अधिक दगावले.

पुढे तो केरळ व तमिळनाडूत, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. काजूबागांची कामे नेमकी गोचिडीच्या हंगामात येतात, हे कोकणाचे दुर्दैव.

१९९० पासून कर्नाटकात दिली जाणारी लस पुरेसे संरक्षण देत नसल्याने २०२२ मध्ये थांबवण्यात आली. या रोगावर खास औषध अजून नाही. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे.