व्यसनत्यागाची कालगणना : येरवडा ते नौपाडा

मुंबई राज्यातील दारूबंदीचा इतिहास सामान्यतः कायद्याचा व महसुलाचा इतिहास म्हणून मांडला जातो. ज्याच्या हातातून पेला काढून घेण्यात आला, त्या माणसाचे पुढील दिवस कसे गेले, हा प्रश्न त्यात क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः व्यसनत्यागाची कसोटी तेथूनच सुरू होते. हा कसोटीचा काळ किती दिवसांचा मानावयाचा, याविषयीची कल्पना महाराष्ट्रात पालटत गेली आणि तिच्याबरोबर आशेचे स्वरूपही पालटले.

जुन्या परंपरेत त्याग हा एका क्षणाचा होता. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्यमांस सुटले, असे गृहीत धरले जाई. अर्थात माळकऱ्याला दिंडीची सोबत असे, हेही दृष्टिआड करून चालणार नाही. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आक्षेप घेतला. गाडगेमहाराजांनी कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. या साऱ्यांचा रोख दारू सुटावी यावर होता. सुटल्यानंतरच्या रात्रींवर नव्हता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही एक तारीखच ठरवून दिली. अफूच्या बाबतीत धोरण थोडे निराळे होते. त्याच वर्षीच्या अखिल भारतीय अफू परिषदेने व्यसनासाठी होणारा पुरवठा टप्प्याटप्प्याने घटवीत दहा वर्षांत बंद करण्याचे ठरविले. शरीराला सवड हवी, एवढे येथे मान्य झाले. परंतु सवड मिळाली ती पुरवठ्याच्या आकड्यांत.

या रात्रींविषयीचे वैद्यकीय ज्ञानही त्याच सुमारास स्पष्ट झाले. अमेरिकेत हॅरिस इस्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, मद्यपीला येणारे झटके व भ्रम हे मद्य एकाएकी थांबल्याने उद्भवतात. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत झटक्यांचा धोका असतो. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भ्रमावस्था आली आणि उपचार मिळाले नाहीत, तर मृत्यूही ओढवतो. निर्धार कितीही दृढ असला तरी या टप्प्यावर वैद्यावाचून गत्यंतर नाही. मात्र शरीर सावरल्यानंतरही निद्रानाश, उदासपणा व चिडचिड आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने रेंगाळते. हीच कायमची अवस्था आहे अशी रोग्याची समजूत होते, आणि तो पुन्हा व्यसनाकडे वळतो.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली, तेव्हा हा प्रश्न घराघरांत शिरला. गर्द थांबल्यावर होणाऱ्या यातनांना गर्दुल्ल्यांच्या बोलीत ‘टर्की’ असे नाव पडले. अनिल अवचट यांच्या गर्दविषयक लेखनाने पु. ल. व सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत त्याची धुरा वाहिली. तेथील निवासी उपचाराची मुदत पस्तीस दिवसांची ठरली. टर्कीच्या दिवसांपेक्षा ही मुदत कितीतरी अधिक आहे, यातच तिचे मर्म आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. बरे झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते झाले. तिसऱ्या रात्री तळमळणाऱ्याच्या उशाशी ती रात्र स्वतः काढलेला माणूस बसू लागला. ‘हेही ओसरते’ हे डॉक्टराने सांगणे आणि अशा माणसाने सांगणे, यांत फार अंतर आहे.

परंतु पस्तीस दिवसांनंतर घरी परतावयाचे, तेथे जुना गुत्ता व जुने सोबती असतातच. ठाण्याच्या रुग्णाला दर आठवड्यास येरवडा गाठणे कितपत शक्य? पाठपुरावा घराजवळ हवा. मुक्तांगणशी प्रारंभीच्या काळापासून निगडित असलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. १९०१ पासून मनोरुग्णालयासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात, नौपाड्यासारख्या मध्यमवर्गीय, स्टेशनालगतच्या वस्तीत मन:स्वास्थ्याचे केंद्र चालू शकते, ही घटना लहान नव्हे. कामावरून परतताना वाटेत उतरून समुपदेशकाला भेटता येऊ लागले, आणि वेड्यांच्या इस्पितळाची पायरी चढल्याचा बोभाटाही टळला.

१९३५ मध्ये अमेरिकेत उदय पावलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची ‘फक्त आजचा दिवस’ ही रीत या सर्व प्रयत्नांत मुरली आहे. व्यसनमुक्तीचे वाढदिवस साजरे होतात. रुग्णांच्या पत्नींसाठी मुक्तांगणात ‘सहचरी’ हा गट आहे. पुन्हा पिणे घडले तर त्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. कायद्याच्या दृष्टीने तोच प्रसंग दुसरा गुन्हा ठरतो. गटात मात्र त्या माणसाची खुर्ची काढून घेतली जात नाही. स्लिपच्या आदल्या आठवड्यात काय काय घडले, हे त्याला सर्वांसमोर सांगावे लागते.