कुपनवरची गावं

पाऊस पडतोय, पण बर्गनमध्ये त्याची दखल कुणी घेत नाही. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बंदर, डोंगरांच्या बेचक्यात बसलेलं. तारीख २९ नोव्हेंबर १९६९, वार शनिवार. दुपारचे पावणेतीन वाजलेत आणि उजेड आताच आवराआवर करायला लागलाय. साडेतीननंतर सूर्य फार टिकायचा नाही. चढावरच्या एका पांढऱ्या लाकडी घराचं दार लोटून तुम्ही आत येता आणि बूट दाराशीच काढता. तेवढी रीत इथेही आपल्यासारखीच आहे.

आत ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास. आजीनं टेबलावर वॉफल मांडलेत, शेजारी तपकिरी चीजचा ठोकळा. एक काप तोंडात टाका. खारट-गोड, खमंग भाजलेल्या खव्याच्या जवळची चव. तुम्ही कोण, कुठून आलात, असं कुणी विचारत नाही. सोफ्यावर थोडं सरकून जागा करून देतात, बस्स. कारण आज सगळ्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या टीव्हीकडे आहे. देशात चॅनेल एकच, सरकारी, आणि चित्र काळं-पांढरं.

घरचा कर्ता पुरुष पूर्वी जहाजावर होता, आता गोदीत काम करतो. त्याच्या हातात घडी पडलेला कागद आहे. तो नीट बघून घ्या, कारण पुढचं सगळं त्या कागदातून निघालंय.

ते आहे 'टिपिंग'चं कुपन. नॉर्वेत १९४८पासून सरकारी कंपनीमार्फत फुटबॉलवर पैजा लावता येतात. नफा खेळाला आणि संशोधनाला जातो, त्यामुळे पाद्रीसुद्धा फारसं बोलू शकत नाही. बारा सामने, प्रत्येकासमोर एक अक्षर: यजमान जिंकणार असतील तर 'एच', बरोबरी असेल तर 'यू', पाहुणे जिंकणार असतील तर 'बी'. बाराच्या बारा जमले की नशीब उघडलं. पण नॉर्वेची स्वतःची लीग चालते वसंतापासून शरदापर्यंत. मग मैदानांवर बर्फ बसतो आणि कुपन रिकामं पडतं. ते भरायला माल कुठून आणायचा? समुद्रापलीकडून. इंग्लंडमध्ये लोक चिखलात, धुक्यात, कडाक्याच्या थंडीत खेळतच असतात.

म्हणून वीस वर्षं या देशातले कोळी, शिक्षक, सुतार, टपालवाले हिवाळाभर वुल्व्हरहॅम्प्टन, शेफील्ड वेन्सडे, वेस्ट ब्रॉमविच अशी नावं गिरवत बसलेत. त्यातलं एकही मैदान त्यांनी पाहिलेलं नाही. स्टोक हे गाव नकाशावर दाखवा म्हटलं तर निम्म्यांचं बोट भलतीकडे जाईल. पण स्टोक घरच्या मैदानावर सहसा हरत नाही की हरतो, यावर ते तास-तास वाद घालू शकतात. आपल्याकडे ज्यांनी मटक्याचे आकडे लावणारे जवळून पाहिलेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल, पण फरक मोठा आहे. आकड्याला गाव नसतं, गोलकीपर नसतो, आणि मागच्या शनिवारी त्यानं कसा घात केला याची आठवण नसते.

आज ते कुपन पहिल्यांदा हलणार आहे. नॉर्वेचा आणि शेजारच्या स्वीडनचा टीव्ही इंग्लिश लीगचा सामना थेट दाखवणार आहे. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स, म्हणजेच वुल्व्हज, विरुद्ध संडरलँड, मैदान मोलिन्यू.

तीन वाजतात. तिकडेही तीनच. एरवी ब्रिटनचं घड्याळ हिवाळ्यात तासभर मागे असतं, पण १९६८ ते १९७१ या काळात त्यांनी ते वर्षभर पुढेच ठेवून पाहिलं. त्यामुळे मधला समुद्र कायम असला तरी वेळ एकच झालीय. पडदा फुलतो. आधी नुसता करडा गलबला, मग डोकी. हजारो डोकी, टोप्या घातलेली, उभ्यानं एकमेकांना खेटून. आजीच्या तोंडून निघतं, "बसायला नाही का त्यांना?" वुल्व्हजचा तो प्रसिद्ध सोनेरी शर्ट इथे फक्त करडा दिसतो. मैदानावर गवत कमी आणि चिखल जास्त. चेंडू पडतो तिथे रुततो, माणूस घसरतो, उठतो, पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातो, आणि पंच शिट्टी वाजवत नाही.

नऊ वर्षांचा मुलगा गालिच्यावर पालथा पडून बघतोय. तो बापाला विचारतो, "आपण कोण?"

बाप कुपन उलगडून दाखवतो. वुल्व्हरहॅम्प्टन–संडरलँडसमोर त्यानं 'बी' लिहिलंय. पाहुणे जिंकणार. तुम्हाला फुटबॉल कळत असेल तर इथे त्याचा हात धरावासा वाटेल, कारण संडरलँड यंदा तळाशी गटांगळ्या खातोय आणि मोसम संपता-संपता दुसऱ्या विभागात ढकलला जाणार आहे. पण बापाचं गणित निराळं आहे. संडरलँड म्हणजे जहाजबांधणीचं गाव. नॉर्वेच्या कंपन्यांनी कित्येक बोटी तिथे बांधून घेतल्या. त्याची एक बोट दुरुस्तीसाठी तिथल्या गोदीत पडून होती, तेव्हा तो काही आठवडे त्या गावात राहिला होता. तिथल्या माणसांनी त्याला बिअर पाजली होती. बस, एवढ्यावर 'बी'.

सामना १-० सुटतो. एकुलता गोल वुल्व्हजचा. बाप कुपन चुरगाळतो, आजी कप गोळा करायला उठते. मुलगा मात्र पडद्यासमोरून हलत नाही. त्याला सांगितलं गेलंय की आपण संडरलँड, आणि नऊ वर्षांच्या पोराला एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही.

आता थोडं थांबा, कारण या खोलीत बसून तुम्हाला एक गोष्ट दिसते जी त्यांना दिसत नाही. आत्ता खुद्द वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये, मोलिन्यूपासून हाकेच्या अंतरावर, एखादा म्हातारा चाहता गुडघा धरून घरात बसलेला असेल. त्याला हा सामना दिसत नाहीये. शनिवारी दुपारी टीव्हीवर सामना दाखवला तर मैदानं ओस पडतील, अशी इंग्लंडच्या क्लबांना धास्ती आहे. १९६०मध्ये लीगचा एक सामना थेट दाखवून पाहिला आणि प्रयोग तिथेच बारगळला. त्या म्हाताऱ्याला रात्री उशिरा फार तर कापून-छाटून तुकडे बघायला मिळतील, तेही आजचा सामना निवडला गेला असेल तर. इंग्लंडच्या टीव्हीवर लीगचे सामने पुन्हा थेट दिसायला ऑक्टोबर १९८३ उजाडेल. तोवर बर्गनचा हा मुलगा चौदा हिवाळे पाहून मोकळा झालेला असेल.

शनिवार दुपारची ती बंदी आजही उठलेली नाही. पुण्यात, नागपुरात, मडगावात तुम्ही शनिवारी रात्री साडेआठला जो सामना बघता, तो मँचेस्टरमध्ये राहणाऱ्याला घरी बघता येत नाही. दूरच्या चाहत्याला 'तुम्ही काय, टीव्हीवरचे' असं हिणवणाऱ्यांना हे एकदा ऐकवायला हरकत नाही. मैदानाच्या कुंपणाला लागून राहणं हा काही गुण नव्हे, तो पत्ता आहे.

चला, पुढे. मधले हिवाळे झपाट्यानं जाऊ द्या. या शनिवारानंतर जेमतेम महिनाभरात, नाताळच्या सुमारास, उत्तर समुद्राच्या तळाशी एकोफिस्क इथे मोठा तेलसाठा असल्याचं नॉर्वेला कळतं आणि देशाचं नशीब पालटायला लागतं; त्याला बारा अक्षरं जमवावी लागली नाहीत. इकडे प्रत्येक हिवाळ्यात शनिवारची दुपार ठरून गेलीय. शेजारचा पोरगा लीड्सचा झालाय, कारण लीड्स जिंकतात. वर्गातले निम्मे लिव्हरपूलचे. संडरलँडचा हा एकटाच, आणि संडरलँड आता दुसऱ्या विभागात असल्यामुळे टीव्हीवर फारसा येतच नाही. सोमवारी पेपरात बारीक टायपात निकाल छापून येतो, त्यावर त्याचं चालतं. मला विचाराल तर खरी निष्ठा या बारीक टायपातच मुरते. रोज दिसणाऱ्यावर प्रेम करायला काय लागतं?

फेब्रुवारी १९७३. तुम्ही 'लेडा' बोटीवर आहात, बर्गन ते न्यूकॅसल. उत्तर समुद्र हिवाळ्यात सभ्यपणे वागत नाही. जेवणाच्या खोलीतल्या खुर्च्या जागेवर बांधून ठेवल्यात आणि जेवायला तसंही कुणी आलेलं नाही. मुलगा आता तेरावं ओलांडायला आलाय, चेहरा हिरवट पडलाय, पण मांडीवरची पिशवी सोडत नाही. आत आजीनं विणलेला लाल-पांढरा मफलर आहे. लाल नेमका कुठला हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जरा विटकरीकडे झुकलाय. बापानं जुन्या ओळखीतल्या एका गोदीवाल्याकरवी तिकिटांची सोय केलीय. टाइन नदीच्या तोंडाशी नॉर्थ शील्ड्सला उतरायचं, तिथून दक्षिणेला तासाभराच्या आत संडरलँड.

मंगळवार, २७ तारीख. रोकर पार्क, संडरलँडचं मैदान. एफए कपची पाचवी फेरी, पहिला सामना बरोबरीत सुटल्यामुळे पुन्हा खेळायचा. समोर पहिल्या विभागातलं मँचेस्टर सिटी. आत ५१,७८२ माणसं आहेत आणि तुम्ही त्यातलेच एक, उभे, पाय जमिनीला धड टेकत नाहीत. बर्गनच्या त्या खोलीत हा आवाज टीव्हीच्या डब्यातून चाळणी होऊन यायचा. इथे तो आधी छातीत लागतो, मग कानात. ओल्या कोटांचा, तंबाखूचा, बोव्हरिल या मांसरसाच्या गरम कपांचा वास. पोराला सगळं हिरवं हिरवं दिसतंय आणि तो ते बापाला ओरडून सांगतोय. संडरलँडच्या शर्टावरचा लाल मफलरपेक्षा उजळ आहे, हेही त्याच्या लक्षात येतं. मफलर तरीही गळ्यातून निघत नाही.

संडरलँड ३-१ जिंकतो. शेजारचा खाणकामगार पोराला उचलून खांद्यावर घेतो आणि कुठला म्हणून विचारतो. बाप म्हणतो, नॉर्वे. खाणकामगाराला त्यात काही विशेष वाटत नाही. तो म्हणतो, मग फायनलला या.

फायनलला जाणं परवडण्यातलं नसतं. ५ मे १९७३ला तुम्ही पुन्हा बर्गनमध्ये, त्याच सोफ्यावर. समोर लीड्स, आदल्या वर्षीचे कपविजेते. शेजारचा लीड्सवाला पोरगा मुद्दाम इथे येऊन बसलाय, हरलेला चेहरा जवळून बघायला. बत्तिसाव्या मिनिटाच्या आसपास इयन पोर्टरफील्ड उजव्या पायानं चेंडू जाळ्यात मारतो. तो डावखुरा आहे. दुसऱ्या अर्धात ट्रेव्हर चेरीचं हेडर जिम माँटगोमेरी झेप घेऊन परतवतो, चेंडू थेट पीटर लोरिमरच्या पायाशी. युरोपातला सर्वांत जोरकस फटका म्हणून ज्याची ख्याती, तो लोरिमर, काही पावलांवरून. लीड्सवाला पोरगा आनंदानं उडी मारून उभा राहतो. माँटगोमेरी जमिनीवरून कसा कोण जाणे उठतो, चेंडू त्याच्या हाताला लागून आडव्या दांडीवर आदळतो आणि बाहेर येतो. पोरगा उभाच. शेवटची शिट्टी होते आणि व्यवस्थापक बॉब स्टोको, रेनकोट घातलेला, डोक्यावर फेल्ट हॅट, मैदानभर धावत जाऊन त्या गोलकीपरला कवटाळतो. दुसऱ्या विभागातल्या संघानं कप नेलाय. आजीनं टीव्हीकडे पाठ करून डोळे पुसले, पण ते कांद्यामुळे असं ती म्हणते. स्वयंपाकघरात कांदा नाही.

एक शेवटचा मुक्काम. ९ सप्टेंबर १९८१, ओस्लो, उल्लेवोल स्टेडियम. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी नॉर्वे विरुद्ध इंग्लंड. पोरगा एकवीस वर्षांचा, ओस्लोत शिकतोय. खाली इंग्लंडचा कप्तान केव्हिन कीगन आहे. त्याला यानं जितके तास पाहिलंय तितके स्वतःच्या देशाच्या कुठल्याही खेळाडूला पाहिलेलं नाही. ब्रायन रॉबसन आधी गोल करतो, मग मध्यंतराच्या आत अल्बर्टसन आणि थोरेसन. २-१. इंग्लंडला नॉर्वेनं यापूर्वी कधी हरवलेलं नाही.

शिट्टी झाल्यावर प्रेक्षकांतून उठून समालोचकाच्या मागे जाऊन उभे राहा. कालप्रवासात एवढी मुभा घ्यावी. रेडिओवर ब्योर्गे लिलेलियन बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय. लॉर्ड नेल्सन, चर्चिल, अँथनी ईडन, क्लेमंट ॲटली, मुष्टियोद्धा हेन्री कूपर, लेडी डायना, एकेकाला नाव घेऊन हाक मारतोय आणि मग मॅगी थॅचरना कळवतोय की तुमच्या पोरांनी सपाटून मार खाल्लाय. पुढे जगभर हे समालोचन उन्मादाचा नमुना म्हणून वाजवलं गेलं. पण ती यादी पुन्हा ऐका. परक्याची एवढी नावं एका श्वासात कुणाला आठवतात? ज्यानं आयुष्यभर तिकडे कान लावलाय त्यालाच.

स्टेडियमबाहेरच्या ट्रॅममध्ये मुंगीला जागा नाही. झेंडे, गाणी, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारतायत. आपल्या पोराच्या गळ्यात तो विटकरी मफलर बघून कुणीतरी विचारतं, हा कुठला? तो म्हणतो, संडरलँड. मागच्या बाकावरून एक चाळिशीतला गृहस्थ वळून बघतो. त्याच्या कोटावर लीड्सचा बिल्ला आहे.

"माँटगोमेरीचा हात लागलाच नव्हता," गृहस्थ म्हणतो. "चेंडू सरळ दांडीला लागला. नशीब होतं तुमचं."

"हात लागला होता."

"मी पाहिलंय."

"मीही पाहिलंय."

ट्रॅम सुटते. भोवती सगळा डबा नॉर्वे, नॉर्वे म्हणून छत बडवतोय, आणि हे दोघं मायोर्स्टुआ स्थानकापर्यंत, उतरल्यावर फलाटावरही, आठ वर्षांपूर्वीच्या त्या चेंडूवर भांडतायत. गृहस्थानं आता दप्तर खाली ठेवलंय. ते दांडी झालंय, पोरगा माँटगोमेरी, आणि लोरिमर व्हायला कुणीतरी हवं म्हणून दोघं तुमच्याकडे बघतात.